पाणबुड्या परवडतो

बदनापूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मोनाली,
सप्रेम जय भीम.

तुझ्या फोननंतर मी इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. वेळ नव्हता असं नाही.

आई बरी आहे. धावड्याला थंडी फार असेल. तुझी शाळा सुरू झाली ना?

परवा रामरावकाका आले होते. म्हणाले, "वहिनी, सुमित जाऊन इतके दिवस झाले, त्याच्या नावानं जलदानाचा विधी करून घेऊ आता." आई ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पाण्यातच राह्यला तो. त्येला अजून पाणी कशाला देऊ?" काका चहा न घेताच उठले.

मी रजेवर आहे, पण काम सोबत आणलंय. शत्रूची पाणबुडी आली तर ऐकू यावी म्हणून नौदलाने समुद्राच्या तळाशी यंत्रं बसवली आहेत. ती बिघडली की दुरुस्तीला पाणबुड्या, म्हणजे माणूस, उतरवायचा, की त्यासाठीही महागडं यंत्र घ्यायचं, काय परवडेल ते आमच्या संस्थेने सांगायचंय. सुमित ज्या कामात गेला, तेच. माझं आडनाव सासरचं, त्यामुळे साहेबांना नातं कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

आईनं विचारलं, "तळाला कान लावलेत म्हन्ती, मंग माझ्या लेकराचं ऐकू न्हाई आलं का त्येला?"

तिथलं यंत्र बंद पडलं होतं, म्हणूनच तो उतरला. हे तिला सांगता आलं नाही.

तू म्हणालीस, "ताई, तुमच्या हातात हे, तर लिहा ना, माणूस उतरवू नका म्हणून." तेवढ्यासाठीच मी फाइल ठेवून घेतली. सुमितला हिशेबात धरला. त्याची बायको म्हणून तुझे त्याच्यामागचे दिवसही धरले. ते कशानं मोजतात मला ठाऊक नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मोनाली. दर वेळी माणूसच स्वस्त पडतो.

त्याची किंमत वाढवली तर उत्तर बदलेल. पण किती वाढवायची हे त्याच्या बहिणीनं ठरवायचं? दुसरा कुणी त्याला धरणारही नाही कदाचित, ही भीती आहेच. तरी माझा हात सारखा त्या आकड्याकडे जातो, म्हणूनच ते काम माझ्याकडे असू नये.

रागावलीस तरी ये. तू शेजारी बसलीस तर आई जलदानाला बसेल.

डायरीत लिहिते ते आज इथेच लिहिते, म्हणजे टाळता येणार नाही.

तुझी,
संध्याताई

उद्या : सुमित माझा सख्खा भाऊ, हे साहेबांना लेखी कळवून फाइल परत करणे.