नामागोन आणि दादाचा किमोनो

सेतागाया, टोकियो
९ ऑक्टोबर १९५५

तीर्थरूप तोकुजीदादास,

धाकट्या नुईचा शि. सा. न. वि. वि. वर्षाला दोन पत्रं लिहिणाऱ्या भावाला एवढे नमस्कार पुरेत.

मी अजून त्या सिनेमाच्या कंपनीत शिवणकाम करते का, असं तू विचारलंयस. करते तर. गेल्या वर्षी मी कुणाचे कपडे शिवले, सांगू? एका मांगूर माशाचे. त्याचं नाव नामागोन. घराच्या दसपट उंच, दोन पायांवर चालणारा, मिशा हलवत समुद्रातून वर येणारा. आतून बांबूच्या कामट्या, वरून जाड कापड, त्यावर वितळलेलं रबर. दोन महिने मी त्याची शेपूट शिवत होते. माझ्या बोटांची चाळण झाली, आणि सिनेमाच्या पाटीवर नाव आलं ते आत शिरणाऱ्या मागोरोकुसानांचं. अर्थात, त्या बिचाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही. दिव्यांच्या धगीने ते आत शिजतात, आणि बाहेर काढलं की बुटांतून घाम ओततात. पडद्यावर मासा कसा रुबाबात, सावकाश पावलं टाकतो. प्रत्यक्षात मागोरोकुसान गाडी चुकणाऱ्या माणसासारखे धावत असतात. कॅमेरा भरभर फिरवला की पडद्यावर सगळं संथ दिसतं म्हणे.

आता हा मासा तुझ्या अमेरिकेला निघालाय. तिकडच्या लोकांनी सिनेमा विकत घेतला. तो कापणार, जोडणार, मधे आपला एक अमेरिकन बातमीदार घुसवणार. माझे टाके उसवले नाहीत म्हणजे मिळवली.

आता खरं सांगते. आईच्या डोळ्यांची नस सुकत चालली आहे. तातेयामाच्या डॉक्टरांच्या मते फार तर दोन वर्षं. मोठं ते दिसतं, बारीक दिसत नाही. बोट दिसते, बोटीतला माणूस दिसत नाही. तुझा फोटो ती हातात धरते, पण नुसतं त्याच्यावरून बोट फिरवते. मी गावी, इसोनेला गेले की ती दरवेळी विचारते, तोकुजीची फुलबाग कशी आहे. ती 'ये' म्हणत नाही, तू 'येतो' म्हणत नाहीस. दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवता, आणि मधे मी पत्रं लिहीत बसते. तू गेलास तेव्हा मी आठ वर्षांची होते दादा. आता माझे केस पिकायला लागले.

लोभ आहेच. तो वाढवायचा तर टपालाने भागणार नाही.

तुझी नुई

---

लॉस एंजेलिस
२६ फेब्रुवारी १९५६

चि. नुईस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मांगुराच्या शिंपिणीला एक जास्तीचा.

आश्चर्य ऐक. गेल्या महिन्यात आमच्या बौद्ध देवळाच्या सभागृहात दोन गोरे गृहस्थ आले. त्यांना सिनेमासाठी जपानी तोंडं हवी होती, उतारवयाची असली तर उत्तम. आम्ही सहाजण उभे राहिलो. त्यांनी एक चित्र दाखवलं, आणि त्या मिशा पाहून मी ओळखलं की ही तर आमच्या नुईची करामत. तुझा मासा माझ्या मागे इथवर आला.

एका गोदामात रंगवलेल्या कापडाचा समुद्र टांगला होता. मला किमोनो नेसवून गावचा म्हातारा कोळी केलं. काम एवढंच की समुद्राकडे हात करायचा आणि भ्यायचं. बोलायचं काही नाही. नामागोनच्या जागी काठीला बांधलेलं फडकं होतं. दिग्दर्शक ओरडे, घाबरा. आता फडक्याला काय घाबरणार? चार वेळा केलं, चारही वेळा मी हसू दाबणाऱ्या माणसासारखा दिसलो. शेवटी त्याने मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की तुला खरोखर ज्याची भीती वाटते ते डोळ्यांपुढे आण.

नुई, माझ्या डोळ्यांपुढे आपल्या घराचं दार आलं. दारात आई, आणि ती विचारतेय की बाग कशी आहे. पाचव्या खेपेला काम एकदम फत्ते झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाग नाही, नुई. लढाईत इथल्या सरकारने आम्हा सगळ्या जपान्यांना काटेरी तारांच्या आत नेलं, त्याआधी सहा दिवसांत सगळं सोडावं लागलं. परत आलो तेव्हा तिथे दुसऱ्याचं नाव होतं. मी तेव्हापासून एका जुन्या गाडीत गवत कापायचं यंत्र घालून लोकांच्या हिरवळी कापत फिरतो. आईला मात्र बाग फुललीय असंच लिहीत आलो. आता कोणत्या तोंडाने येऊ? निघताना मी अख्ख्या गावासमोर मोठेपणा मिरवला होता.

सोबत त्या दिवशीचा फोटो पाठवतो. हसू आलं तर हस. प्रेम असू दे. रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझा दादा

---

सेतागाया, टोकियो
१४ एप्रिल १९५६

तीर्थरूप दादास,

नुईचा नमस्कार. आज शिरसाष्टांगच, कारण फोटो पाहून मी खरोखरच आडवी झाले.

अरे, तुला किमोनो कुणी नेसवला? उजवी बाजू वर. उजवी! आपल्याकडे असं कुणाला नेसवतात, हे तुला मी सांगायचं? त्याला चितेवर ठेवायचं असतं. तुझ्या शेजारचे पाचही तसेच. सहा प्रेतं ओळीने उभी राहून समुद्राकडे बोट दाखवतायत. मासा यायच्या आधीच तुम्ही आटोपलेले. मी फोटो शिवणखात्यात दाखवला, तर आमच्या मुख्य बाई पाच मिनिटं डोळे पुसत होत्या, आणि मागोरोकुसान म्हणाले की मेलेल्यांना मारायला आपल्याला उगाच एवढा घाम गाळायला लावला.

मस्करी पुरे. बागेचं वाचलं. लढाईने माझा नवरा नेला, तुझी बाग नेली, आणि तू ते चौदा वर्षं एकट्याने गिळून बसलास. मी तुझ्यावर रागावले आहे, पण बाग गेली म्हणून नव्हे, लपवलंस म्हणून. आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचंस, तोंडाने. फोटोही तिला दाखवत नाही. तिला दिसायचा नाही, पण शेजारपाजारचे सांगतील, आणि म्हातारीच्या मनात नको ते येईल.

तिचे डोळे या वर्षी आणखी उतरलेत. परवा मी दारात उभी होते, तर तिने मला भाजीवाली समजून मुळा मागितला.

लोभ ठेव, आणि यापुढे किमोनो स्वतःच्या हाताने नेस.

तुझी नुई

---

लॉस एंजेलिस
२० मे १९५६

चि. नुईस,

आशीर्वाद. आधी खुलासा, मग बाकीचं.

कपडेवाली बाई भली होती. त्यांच्याकडे बायकांचे कोट उजवी बाजू वर घेऊन मिटतात, म्हणून तिने सहाही जणांना तसंच गुंडाळलं. मला कळलं नाही असं समजू नकोस. आम्हा सगळ्यांना कळलं. पण मला वाटलं, सर्वांत वडील ओताकेसान आहेत, ते बोलतील. ओताकेसानांना वाटलं, परक्या बाईला चारचौघांत चूक दाखवणं बरं नव्हे. उरलेल्यांना वाटलं, हे दोघं गप्प आहेत त्याअर्थी काही कारण असेल. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे झालं नाही, आणि आम्ही मेलेल्यांच्या वेषात दिवसभर चहा पीत बसलो. परतताना गाडीत ओताकेसान हळूच म्हणाले की निदान सराव झाला.

सिनेमा इथे लागला. मी पाहिला. माझं तोंड पडद्यावर जेमतेम आठ मोजेपर्यंत दिसतं. इथे कुणी ओळखलं नाही, ते बरंच झालं. तिकडे तो यायचा नाही, त्यामुळे आईचा प्रश्न मिटला.

येण्याबद्दल लिहीत नाही. लिहिलं की खोटं होतं, असा माझा अनुभव आहे. तुझ्या मनात मला जागा असू दे, एवढंच मागणं.

तुझा दादा

---

इसोने
१७ जून १९५७

तीर्थरूप दादास,

नुईचा नमस्कार. हे पत्र मी आईच्या घरातून लिहिते आहे.

तुझा प्रश्न मिटला नाही. नामागोन अमेरिकन होऊन घरी परत आला. मे महिन्यात तुमच्याकडची जोडकाम केलेली आवृत्ती इकडे लागली, खाली जपानी अक्षरं घालून. आपलाच मासा आपल्यालाच परदेशी म्हणून दाखवतायत, आणि लोक रांगा लावून बघतायत. मी तोंडावर बोट ठेवून बसले होते. पण आपल्या गावचा न्हावी तातेयामाला जाऊन बघून आला, आणि दुकानात बसल्या बसल्या त्याने सगळ्या गावाला सांगितलं की तोकुजी सिनेमात आहे.

शनिवारी मी येऊन पोचले, तर आई भाताचे गोळे फडक्यात बांधून बसच्या थांब्यावर बसलेली. मी सांगून पाहिलं की गर्दी फार असते, सिनेमा भीतीचा आहे, बस धक्के देते. ती म्हणाली की बस काय, तूही धक्केच देतेस.

आम्ही अगदी पहिल्या बाकावर बसलो. मासा वर आला तेव्हा तिने मला विचारलं की ही शेपूट तुझीच ना, शिवण जरा वाकडी गेलीय. मग तू आलास. दादा, जिला हातातला फोटो दिसत नाही, तिच्यासमोर तू घराएवढा झालास. तुझं कपाळ, तुझ्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, सगळं. ती उठून उभी राहिली. मागच्याने बसा म्हटलं, तरी बसली नाही. मी मनात आठ मोजले. मग ती बसली, आणि पुढचा खेळ कितीला आहे ते विचारलं.

त्या दिवशी तीन खेळ पाहिले, काल दोन. तू येऊन गेलास की ती डोळे मिटून घ्यायची, मासा टोकियो तुडवतोय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. किमोनोबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सुटलो, तिला दिसलं नसावं. दोन्ही हातांनी आपल्या बाबांना शेवटचं नेसवलेली बाई ती. मी पण खुळीच.

आज सकाळी तिने हात धुतले, मला समोर बसवलं आणि सांगते तसं लिही म्हणाली. तिचं पत्र याच पाकिटात आहे. त्यातला एकही शब्द माझा नाही. शाई दोन ठिकाणी फुटलीय, ती मात्र माझ्यामुळे.

तुझी नुई

---

इसोने
१७ जून १९५७

चि. तोकुजीस,

आईचा आशीर्वाद. सांगतेय मी, लिहितेय नुई. तिला मधे आपलं काही घालायचं नाही असं बजावलंय.

तुला पाचदा पाहिलं. म्हातारा झालास. कान बाबांचेच राहिले. एवढा मोठा दिसलास की तो मासा तुझ्यापुढे पोर वाटला. डोळे जायच्या आधी दिसलास, बरं झालं.

लोक म्हणत होते, काय हुबेहूब भ्यालाय. मला हसू आलं. तू माशाला कधी घाबरलास? नऊ वर्षांचा असताना बाबांचं नवं जाळं समुद्रात घालवून आलास, आणि सांजेपर्यंत दाराबाहेर उभा राहिलास. हे तोंड त्या दिवशीचं आहे. तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतंय? जाळं गेलं तर गेलं, भात निवतोय, आत ये. त्यापलीकडे मला तेव्हाही काही म्हणायचं नव्हतं.

तू हात वर केलास तेव्हा हातही पाहिला. फुलं खुडणाऱ्याचा तो हात नव्हे. दुसऱ्याच्या अंगणात राबणाऱ्याचा आहे. आपल्याकडे सगळ्यांचे हात तसेच असतात, तोकुजी. त्यासाठी पस्तीस वर्षं लांब राहायचं कारण नव्हतं.

आणि किमोनो. आंधळी व्हायला आलेय, अजून झालेली नाही. पहिल्यांदा छातीत धस्स झालं. दुसऱ्या खेळाला विचार केला. पाचव्याला मन निवांत झालं. म्हटलं, मुलगा मेलेल्यांच्या वेषात आहे, तर मेलेल्यांची रीत तरी पाळेल. ऑगस्टात पितरांच्या सणाला आपले सगळे मेलेले घरी येतात. तुझे बाबा येतात, नुईचा नवरा लढाईतून येतो. त्याचं तर हाडही सापडलं नव्हतं, तरी दरवर्षी वाट काढून येतो. कुणी मला विचारत नाही की कोणत्या तोंडाने येऊ.

तेरा तारखेला मी दारात विस्तव करते, त्यांना घर दिसावं म्हणून. यंदा चार काटक्या जास्त घालीन.

तुझी आई

---

लॉस एंजेलिस
३ जुलै १९५७

तीर्थरूप आईस,

तोकुजीचा शि. सा. न. वि. वि.

आई, बाग नाही. पंधरा वर्षांपूर्वी गेली. मी लोकांचं गवत कापतो. हे लिहायला मला पंधरा वर्षं लागली, आणि तू आठ मोजेपर्यंत वाचलंस.

तिकीट काढलं आहे. जहाज बारा ऑगस्टला योकोहामाला लागतं. नुईने धक्क्यावर यावं, आणि माझ्या कपड्यांकडे बघून काय बोलायचं ते तिथेच बोलून घ्यावं, घरी नको. तिथून तातेयामाची गाडी, मग बस. तेराच्या संध्याकाळी मी इसोनेला असेन.

भात राहू दे. बाबांच्या आधी पोचलो, तर विस्तव मी पेटवीन.

तुझा
तोकुजी