घरात कोण कोण राहणार

स्लाऊ,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. ऋजुता हिला आजीचे आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या सीमाचं आहे, शब्द माझे. माझ्या नातवाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून पत्र तुझ्या नावाने. समरला वाचून दाखव, पण आधी तू एकटी वाच.

इकडे बरं आहे. तुम्ही दोघं लीड्सला गेल्यापासून हे भाड्याचं घर उगाच मोठं झालंय. महिनाअखेरीला तेही सोडायचं. हीटिंग लावते हो मी. सीमा, हसू नकोस, लिही.

तुमचं घर ठरलं, फार आनंद झाला. पण त्या कर्जाचं मला काही केल्या उमगत नाही. शंभरातले पाच आपण भरायचे, बाकीचे बँकेने द्यायचे आणि सरकार जामीन राहणार. जामीन म्हणजे आपल्यासाठी ना? समरला फोनवर विचारलं, "हप्ते थकले तर सरकार भरणार का रे?" तो म्हणाला, "नाही गं आजी, घर जाणार. सरकार बँकेचा लॉस भरणार." म्हणजे घर जायचं तुमचं आणि समजूत काढायची बँकेची! सीमाने मला दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा तीच गोंधळली.

त्या पाचांसाठी पाटल्या मोडून मी जे दिलं ते परत मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही, यावरही माझा अंगठा घेतला. नातवाला दिलेलं परत कोण मागतं गं? पण बँकेला माझा स्वभाव कुठे माहीत. उठवला अंगठा.

हं. आता त्या दिवसाचं लिही सीमा.

तुम्ही इथे होतात तेव्हा तो कर्जाचा ब्रोकर अनुप लॅपटॉपवर आला होता. घरात कोण कोण राहणार, असं त्याने विचारलं. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "आजी, तुम्ही येणार ना आमच्याकडे राहायला?" मी म्हटलं, "छे गं, मला कशाला! तुम्ही दोघं राहा सुखाने." आणि अनुपने ते टाइप करून टाकलं.

अगं, पहिलं 'नको' कधी खरं असतं का? आमच्या अकोल्याला तिसऱ्या 'नको'नंतर पाहुणा ताटावर बसतो. तुमच्या पुण्यात पहिल्यालाच ताट उचलतात म्हणे, ते खरं दिसतंय. मी आग्रहाची वाट बघत पदर सारखा केला, तोवर तुमचं बोलणं व्याजदरावर गेलं.

आता संजय ब्रिस्टलहून रोज फोन करतो, "आई, कधी येतेस?" अरुणाने माझ्यासाठी पलंगसुद्धा घेतलाय. पोटचा मुलगा आहे, सून गुणी आहे. "तुला इथे आराम," म्हणतात. दिवसभर दोघं कामावर आणि मी आराम करत बसलेली. समर रांगतही नव्हता तेव्हापासून माझ्याजवळ आहे, आणि तू आल्यापासून तर मला भांडायलाही कुणी मिळालं.

हे फोनवर सांगायला गेले की तोंडातून "माझी काळजी करू नका" एवढंच निघतं.

सीमा म्हणते, मी येणार असले तर अनुपला आत्ताच कळवायला हवं. मग मला असंही लिहून द्यावं लागेल म्हणे, की बँकेने घर घेतलं तर मीही निघेन. निघेन की! तुम्ही नसताना मी काय बँकेबरोबर संसार करू? पण माझ्यामुळे कर्ज अडलं तर? तसं असेल तर मी काही बोललेच नाही असं समज. नाही, थांब. सीमा, ते खोड. राहू दे, खोडू नकोस. पुढे लिही.

ऋजुता, मला ब्रिस्टलला जायचं नाही. मला तुमच्याकडे राहायचं आहे.

सीमा विचारते, "मावशी, याच्या पुढे 'तुम्हाला अडचण नसेल तर' असं लिहू का?"

म्हटलं, लिहू नकोस.

तुमच्या घरची,
आजी