राजाच्या फळीची व्यवस्था

मी, थर्झा हेंब्रो, कै. ईनॉक हेंब्रो यांची विधवा, वय एकाहत्तर, धंदा वाळुंजाच्या फांद्यांच्या टोपल्या विणणे, राहणार हॅमड्रोव्ह, सॉमरसेटची दलदल, हे मृत्युपत्र शाळामास्तर टकर यांच्या हातून लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं मास्तर म्हणतात. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालणारे दमले, आणि मीही दमले.

राहतं घर व मागची वाळुंजाच्या झाडांची पट्टी मुलगा सायलस याला द्यावी. तो सुतार असून घराचं छप्पर गळतं. सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले.

टोपल्यांची सगळी हत्यारं सून केटुरा हिची. मधमाश्यांच्या पेट्याही तिच्याच. मी गेल्यावर तिने प्रत्येक पेटीवर टकटक करून 'म्हातारी गेली' असं माश्यांना सांगावं, नाहीतर त्या रुसून उडून जातात. हे काम सायलसकडे देऊ नये. तो पुटपुटतो, माश्यांना काही कळायचं नाही.

गुत्तेवाला ओबेड पर्नेल याला काहीही देऊ नये. वर्षानुवर्षं त्याने मला भर रस्त्यात 'काय जळके पाव!' अशी हाक मारली. माफही केलेलं नाही, तशी नोंद व्हावी.

आता ती फळी. खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

हजार वर्षांपूर्वी आल्फ्रेड राजा शत्रूच्या भीतीने आमच्याच दलदलीत एका गुराख्याच्या झोपडीत लपला, घरधनीण त्याला चुलीवरचे पाव बघायला सांगून गेली, तो विचारात गढला, पाव जळले, आणि कोण ते न ओळखता बाईने त्याला फैलावर घेतलं, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. एका उन्हाळ्यात लंडनहून एक चित्रकार ती रंगवायला आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. ह्यांना त्याने राजा केलं आणि मला ती कजाग बाई; पर्नेलची हाक तेव्हापासूनची. माझी चार वर्षांची मुलगी पेशन्स पोटमाळ्याच्या शिडीवर चढून बसली, काही केल्या उतरेना, म्हणून तिलाही काढलं. मोठं चित्र कुणा उमरावाकडे गेलं. त्यात शिडी नाही म्हणे. आधी करून पाहिलेलं छोटं चित्र एल्मच्या लाकडाच्या फळीवर होतं, ते तो आम्हाला देऊन गेला. त्याच हिवाळ्यात पेशन्स घटसर्पाने गेली. तिचा चेहरा जगात त्या फळीवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

पुढे मोठा पूर आला. आमच्याकडे दाराच्या चौकटीला खाचा असतात. पाणी चढलं की त्यात एकावर एक फळ्या बसवून चिखल लिंपायचा. वरची एक फळी कमी पडली तशी ह्यांनी भिंतीवरचा राजा ओढला.

"अहो, ती नको!" मी ओरडले.

"पोरगी वरच्या अंगाला आहे, तिथवर पाणी यायचं नाही," हे म्हणाले. "राजा एकदा तरी घराच्या उपयोगी पडू दे!"

पाणी उतरलं तेव्हा राजा छातीपर्यंत धुऊन गेला होता आणि पावही गेले होते. माझं उघडं तोंड तेवढं राहिलं. पेशन्स कोरडी होती.

गेल्या महिन्यात सायलसने शहरातून चित्रं दुरुस्त करणारा एक गृहस्थ आणला. तो राजा नवा करून फळी विकत घेणार, आणि शिडीवर, पोरीसकट, धुराचा काळा रंग फिरवणार.

"आई, त्या गोष्टीत पोर नव्हतंच गं," सायलस म्हणाला.

"गोष्टीत नसेल मेल्या, घरात होतं! तुझी सख्खी बहीण ती!"

"मी ती गेल्यावर जन्मलो. मला काय आठवणार, कपाळ?"

त्याचंही खरं आहे. तरी मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. ज्या घरात मी तिचं नाव घेते, तिथे ते ऐकणारंही आता कोणी नाही, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून माझी आज्ञा अशी की, ही फळी विकू नये, दुरुस्त करू नये, तिला कोणाचाही कुंचला लागू नये. माझी शवपेटी सायलसने स्वतःच्या हाताने करावी आणि झाकणाला डोक्याच्या बाजूला हीच फळी बसवावी, रंगाची बाजू आत. अंधार असेल, असू दे.

मास्तरांनी इथवर वाचून दाखवलं तेव्हा सायलस दारात उभा होता. पुढचं माझ्या सांगण्यावरून लिहिलं आहे.  फळी उतरवून त्याने तिच्यावर मोजपट्टी ठेवली.

"पेटीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त आहे," तो म्हणाला. "कापावी लागेल."

मी लगेच विचारलं, "कुठून रे?"

"राजाच्या बाजूनं, आई."

हे मला मान्य आहे.

थर्झा हेंब्रो, हिच्या हातची खूण ×

आम्हां दोघांसमक्ष खूण केली:
अँब्रोज टकर, शाळामास्तर
डोर्कस मील, शेजारीण

हॅमड्रोव्ह, ९ नोव्हेंबर १८९३