बावन्न किलोची स्प्रिंग

सोलापूर,
दसरा

प्रिय दानेश्वरी,

आजवर तुला पत्र लिहिताना वर ‘चि. सौ.’ लिहायचो. महेश्वर गेल्यावर त्या जागी काय लिहायचं ते कळेना, म्हणून तीन वर्षं पत्रच लिहिलं नाही. तू फोनवर तुझ्या सासूशी बोलतेस, मी शेजारी बसून ऐकतो. आज ‘प्रिय’ लिहिलं. आमच्या पिढीत सासरा सुनेला असं लिहीत नाही. चालवून घे.

तुझी पेटी नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुकानात पोचली. दोन शॉकअप, एक लोखंडी दांडा आणि चार ओळींची चिठ्ठी. ‘दणका पाठीला बसतो. काही सुधारता आलं तर बघा. नोव्हेंबरात बर्फ सुरू होईल. माझं वजन बावन्न किलो.’ चिठ्ठी मी आरशाच्या कडेला खोचून ठेवली. पेटी महिन्याहून जास्त फळीवर तशीच राहिली. सिद्धम्मा दुपारी डबा घेऊन यायची, पेटीकडे बघायची, मग माझ्याकडे. एकदा म्हणाली, “शॉकअप हाय का नवरी मुलगी? नुस्तं बघत बसलाय की रोज.” गिऱ्हाइकाची गाडी मी कधी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलेली नाही, हे तिला माहीत आहे. कारणही तिला माहीत होतं.

महेश्वरनं मोटारसायकल बर्फात चालवायचं हे किट पहिल्यांदा सोलापूरला आणलं तेव्हा तू बरोबर होतीस. मनालीत कुणा परदेशी माणसानं जाताना विकलेलं, तेव्हाच जुनं झालेलं. दुकानासमोर गर्दी जमली होती. मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथं रबरी पट्टा आणि पुढच्या चाकाच्या जागी घसरणारी फळी, असं तो सगळ्यांना समजावून सांगत होता. शेजारचा टर्नर खाजाभाई लेथ बंद करून बघायला आला आणि म्हणाला, “ये तो बुलडोजर का बच्चा है.” त्या दिवशी आम्ही बापलेकांनी दोन्ही शॉकअप उघडून पुन्हा भरले. स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनावर ठरते, म्हणून मी त्याला समोरच्या भुसार दुकानातल्या काट्यावर उभं केलं. बूट काढ म्हणालो. तो म्हणाला, “बुटासकट धरा की अप्पा. बर्फात अनवानी जानार हाय का मी?” बुटासकट अठ्ठ्याहत्तर भरलं. स्प्रिंग दाबून धरणारी रिंग त्या वजनाला जिथं थांबली, तिथं त्यानं खिळ्यानं एक रेघ ओढली.

तो जुलैत गेला. रस्त्यावर कोसळलेल्या दरडीनं जीपमधल्या चौघांना नेलं. मी तुला आणायला आलो होतो. तू नोकरी करतेस त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून तू म्हणालीस, हा हिवाळा काढते आणि येते. तू त्याची गाडी चालवतेस, तिच्यावरून औषधं घेऊन वरच्या गावांना जातेस, हे मला पहिला हिवाळा संपल्यावर कळलं. स्प्रिंगचं मात्र तेव्हाही सुचलं नाही. चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला सुचायला हवं होतं. बावन्न किलोचं माणूस अठ्ठ्याहत्तरच्या स्प्रिंगवर बसलं की स्प्रिंग हलतच नाही. दणका जातो कुठं? पाठीत. तीन हिवाळे तू ते सोसलंस आणि काही बोलली नाहीस. का बोलली नाहीस, तेही मला कळतं. ती रेघ तुलाही पुसायची नव्हती.

शेवटी गौरी-गणपती झाल्यावर कामाला लागलो. आधी तो दांडा. गाडीची चेसी आणि पट्टा यांच्यामध्ये जुन्या किटात नुसता दांडाच असतो. खालचा प्रत्येक धक्का त्यातून सरळ सीटला येतो. नव्या किटांत तिथंही शॉकअप असतो, असं महेश्वर सांगायचा. पुढच्या वर्षी बसवू, म्हणायचा. तो मी आता केला आहे. बॉडी खाजाभाईनं लेथवर काढून दिली, मजुरी विचारल्यावर चहा मागितला. दोन्ही जुने शॉकअप मग उघडले. सील कडक होऊन चिरले होते. आतलं तेल काळं. मागच्या शॉकअपच्या तळाशी धक्का खाणारा रबराचा तुकडा असतो, तो चेपून पापडासारखा झाला होता. बावन्न किलोत एवढा चेपत नाही. मी तो बाजूला काढून ठेवला आणि पुढचं काम केलं.

सोलापुरात थंडी कुठून आणायची हा प्रश्न होता. तेल इथं पाण्यासारखं वाहतं आणि तुझ्याकडं गोठून काकवीसारखं होतं. खाजाभाईच्या मेव्हण्याचा अक्कलकोट रोडला आइस्क्रीमचा कारखाना आहे. त्याच्या फ्रीजरमध्ये, मँगो आणि राजभोगच्या डब्यांच्या मधे, तुझा शॉकअप प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. उणे वीस. दुसऱ्या दिवशी दाबून बघायचा, तेल बदलायचं, पुन्हा ठेवायचा. तिसऱ्या खेपेला मेव्हणा म्हणाला, “चाचा, इसको सर्दी हुई तो जिम्मा मेरा नई.” चौथ्या तेलाला तो उणे विसातही हळू आणि सरळ खाली गेला, हळू वर आला. तेच तेल भरलं आहे. एक बाटली जादा पाठवतो.

मग माझ्या हातून एक चूक झाली. नवी, मऊ स्प्रिंग पुण्याहून मागवली होती. ती बसवली, रिंग फिरवली, पान्यानं घट्ट केली. खाजाभाईनं दोन्ही हातांनी जोर देऊन बघितला आणि म्हणाला, “चन्नप्पा, ये हिलता नई. बहू बैठनेवाली या बैल?” मी बघितलं. स्प्रिंग जुनीच बसवली होती. नवी पुड्यात तशीच होती. आणि रिंग नेऊन थांबवली होती महेश्वरच्या रेघेवर. डोळ्यांनी केलं नव्हतं, हातांनी केलं होतं. खाजाभाईनं रेघ बघितली. तो उठून आपल्या लेथकडे गेला. थोड्या वेळानं चहा पाठवला.

काल खंडेनवमी होती. हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडली. पाने, छिन्न्या, व्हाइस. सिद्धम्मानं हळदकुंकू वाहिलं. मग फळीवरची जुनी स्प्रिंग स्वतः उचलून आणली आणि हत्यारांच्या रांगेत ठेवली. तिच्यावरही हळद वाहिली. म्हणाली, “आता हिला हितंच राहू द्या. लई फिरली.” हत्यारांना काल हात लावायचा नव्हता. आज पहाटे उठून नवी स्प्रिंग बसवली. या वेळी समोर चिठ्ठी ठेवली होती. जुनी स्प्रिंग दुकानात खिळ्याला टांगली आहे. इकडे येशील तेव्हा बघ.

आता त्या चेपलेल्या रबराचं. कालपासून ते माझ्या खिशात आहे. तुझ्या एकटीच्या वजनानं अठ्ठ्याहत्तरची स्प्रिंग तळाला टेकूच शकत नाही. औषधांच्या खोक्यांनीही नाही. एखाद दिवशी पेशंट मागे बसवला असशील, असं धरून बघितलं. पण शॉकअपमधला रॉड तळापर्यंत घासून चकाकला आहे, तो एखाद दिवसाच्या कामानं चकाकत नाही. रिंगही सांगते. तिच्या खाचांवर महेश्वरच्या छिन्नीचे घाव आहेत. त्याला पाना शोधायचा कंटाळा, छिन्नी-हातोडीनं ठोकायचा, त्यावरून माझ्या शिव्या खायचा. त्या घावांवरून अलीकडच्या खुणा गेल्या आहेत. त्या रिंग फिरवायच्या खास आकडी पान्याच्या आहेत, स्वच्छ, एकही खाच दुखावलेली नाही. कुणीतरी दोन माणसांच्या वजनासाठी रिंग वर चढवायचं, आणि काम झालं की पुन्हा उतरवून बरोबर महेश्वरच्या रेघेवर आणून ठेवायचं. दर खेपेला. केसभरही इकडेतिकडे नाही. हे मापायला एक माणूस गाडीवर बसलेला लागतो आणि एक खाली वाकलेला. मी सिद्धम्माला एवढंच सांगितलं की रॉड दोघांचं वजन सांगतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मला ठावं हाय. दोन हिवाळं पोरगी फोनवर थंडी लई हाय म्हनायची. गेल्या साली एकदा बी म्हनली न्हाय.” मग पेटीत शेंगाचटणीचे पुडे ठेवले. दर वेळी एक असतो. या वेळी दोन ठेवले.

पत्र यासाठी लिहिलं. शॉकअप कसा बसवायचा ते फोनवरही सांगता आलं असतं. रिंगसाठी मी आता दोन खुणा केल्या आहेत. पांढरी बावन्न किलोची, तू एकटी असशील तेव्हाची. पिवळी दोघांची. जुन्या रेघेवरून मी कानस फिरवली आहे, त्यामुळे आता कुणाला रिंग तिथं परत आणावी लागणार नाही. तो हात चांगला आहे, दानेश्वरी. माझ्या पोरापेक्षा सावकाश आहे. पिवळी खूण करताना तुझ्या बावन्नात मी अंदाजानं सत्तर मिळवले. बुटासकट. अंदाजाचं काम मला पसंत नाही. त्यांना एकदा काट्यावर उभं कर आणि बर्फ पडायच्या आत वजन कळव. नाव सवडीनं सांगितलंस तरी चालेल.

तुझाच,
मामा