डोळ्यांच्या डॉक्टरला माझी झोप कशाला?

४ मार्च
कमालच झाली! डोळे दाखवायला गेले, तर डॉक्टरीणबाई विचारतात — घोरता का?
मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. रस्त्यावरच्या पाट्या धूसर दिसायला लागल्या म्हणून गेले होते. थेंब घातले, आत बघितलं नि म्हणाल्या, "साखरेमुळे पडद्याच्या नसा पाझरायला लागल्यात. झोप कशी आहे?"
झोप! म्हटलं, उत्तम. पडले की मेले. तर म्हणे, "शेजारी कोण झोपतं? त्यांना घेऊन या."
डोळे गेले तर शिकवणं संपलं!

५ मार्च
ह्यांना सांगितलं. त्यांनी विषयच बदलला. लेक मात्र फोनवर हसत सुटली — "आई, तू घोरत नाहीस, पाण्याचा पंप चालू होतो!" जन्मदात्री आईला असं बोलतात?

८ मार्च
हे आजही खुर्चीत पेंगत होते. उठून चहा ओतला तो कपाच्या बाहेर! म्हटलं, तुमच्यापेक्षा कुंभकर्ण बरा. साखर दोघांनाही, गोळ्यांचा डबा एकच. पण डोळे तपासा म्हटलं की "मला काय धाड भरलीय?"

११ मार्च
हे बरोबर आले. बाईंनी विचारलं, घोरतात का?
"घोरते ते ठीक आहे हो. मधेच श्वास थांबतो तिचा. मी हलवतो, मग सुरू होतो."
कधीपासून? "झाली असतील काही वर्षं."
वर्षं! अहो, सांगायचं नाही?
"तू दिवसभर नवशिक्यांच्या हाती जीव देऊन बसतेस. त्यात ही भीती कशाला?"
बाई म्हणाल्या, झोपेत श्वास अडला की प्राणवायू कमी पडतो, साखरही आवरत नाही. आधीच नाजूक झालेल्या पडद्याला ते सोसत नाही. झोप हे एकटंच कारण नाही, पण दुर्लक्ष नको. डोळ्यात इंजेक्शनं, झोपताना नाकावर यंत्र. "वेळेत आलात." हुश्श!
मग बाईंनी ह्यांना विचारलं, "आणि तुम्ही झोपता कधी?"
"दिवसा. हिची बोलणी खात."
मला रडूच फुटलं. ह्यांनाही साखर आहे कळल्यावर बाईंनी तपासणीला बोलावलंय. ओढत नेईन.

१३ मार्च
यंत्र लावून झोपले. डोकं किती हलकं! हे मात्र जागेच. "सवय मोडेना," म्हणाले.

१५ मार्च
ह्यांचे डोळे तपासले. उजव्यात रक्त उतरलंय, डाव्याने जेमतेम दिसतं. माझ्याहून कितीतरी वाईट.
त्या दिवशी चहा झोपेपायी सांडला नव्हता.