मागच्या गेटचा कॅमेरा

४ मार्च, सोमवार

आजही उशीर! कारण तेच — गोदामाच्या मागच्या गेटचा कॅमेरा. म्हणे दिवसा ठणठणीत, अंधार पडला की बंद. म्हणून बायकोला अंधार पडेपर्यंत तिथेच थांबावं लागतं. आणि सोबत कोण? कॅमेरे बसवायच्या तिच्या कामातला भागीदार, लांब्या. शिडी धरायला माणूस लागतो, मान्य. पण तो रोज तोच का?

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावतो. मला घरातलं वाचता येत नाही असं वाटतं का हिला?

५ मार्च, मंगळवार

नवा कॅमेरा लावला, तोही संध्याकाळी मेला. जेवताना तेच पुराण. "पॉवरचा डबा पार ऑफिसात, गेट त्या टोकाला. तार केवढी लांब! पण मीटर गेटपाशी पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. लांब्या म्हणतो —"

"लांब्या काय म्हणतो ते लांब्यालाच ऐकव," मी म्हटलं.

ती ताट घेऊन उठली.

६ मार्च

अबोला. मीच धरलाय.

७ मार्च, गुरुवार

गेलो! दुकान लवकर बंद केलं आणि गेटाबाहेर उभ्या ट्रकमागे दडून राहिलो. भीती कसली? अंधारात तो कॅमेरा आंधळाच.

ती शिडीवर, लांब्या खाली टॉर्च आणि मीटर घेऊन. कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे बारीक लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. ती ओरडली, "आता मोज! कॅमेरा जोडलेलाच ठेव!"

"नऊ!" लांब्या किंचाळला.

मग दोघं पोट धरधरून हसायला लागली. इतके दिवस कॅमेरा काढून नुसत्या तारेतले व्होल्ट मोजत होती म्हणे. "रिकाम्या तारेत बारा दिसणारच की रे!" असं ती म्हणत होती. दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि ती लांबलचक तार वाटेतच व्होल्ट खाते. म्हणजे खरंच बंद पडत होता. ती थापा मारत नव्हती.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण ते हसणं डोक्यातून जात नाही. माझ्याबरोबर अशी कधी हसली ती शेवटची? आठवत नाही. जळफळाट होतोय माझा, इथे तरी सरळ लिहितो.

८ मार्च, शुक्रवार

दुपारी ती घरी आली होती. दारात घुटमळली, काहीतरी सांगायचं होतं. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. पुन्हा लांब्याचंच कौतुक ऐकायचं? नको!

अंधार पडल्यावर परत गेटावर. आज ट्रक नव्हता. भिंतीला चिकटून, मान वाकडी करून आत डोकावलो. कुणीच नाही! मग दोघं गेली कुठे? धावतपळत घरी आलो, तर ही स्वयंपाकघरात!

"कुठे होतास?"

"दुकानात."

अबोला मोडला तो असा.

९ मार्च, शनिवार

दुपारी ती गोदामावरून आली आणि फोन माझ्यापुढे धरला. काल सकाळीच पॉवरचा डबा गेटजवळच्या खोलीत हलवला होता. तेच सांगायला दारात थांबली होती. आता तार हातभर, कॅमेरा अंधारातही लख्ख.

फोनवर मी. भिंतीला चिकटलेला, मान वाकडी.

"गोदामाचा मालक सगळ्यांसमोर विचारत होता, हा चोर कोण, पोलिसांत देऊ का. लांब्याही होता तिथे. मी म्हटलं, माझा नवरा आहे. मला न्यायला आला होता. लाजतो जरा, म्हणून आत आला नाही."

तिला खोटं बोलताना मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.