समोरच्याची वाट आधी

मी, खाली सही करणारी, निवृत्त गणितशिक्षिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; त्यातील शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दाखवल्या आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तशी छाती आजवर कोणाची झालेली नाही. यापूर्वी लिहिलेले सर्व काही रद्द समजावे.

१. बँकेतील ठेवी व दागिने मुलगा आणि मुलगी यांना समसमान. यावर वाद नाही, म्हणून शब्दही खर्चीत नाही.

२. माझी पुस्तके शाळेच्या वाचनालयास. मात्र तयार उत्तरांची जी पुस्तके प्रकाशक दरवर्षी फुकट पाठवीत, ती शेजारच्या वर्गावर गणित शिकवणाऱ्या सरांना द्यावीत. उत्तर फळ्यावर लिहून देणे आणि मुलांनी ते उतरवून घेणे, यालाच सर जन्मभर अध्यापन म्हणत आले. त्यांच्या खाजगी शिकवणीच्या पाटीवर हल्ली ‘हमखास यश’ असे रंगवलेले आहे. पुस्तके कोरी करकरीत आहेत.

३. मागच्या खोलीतील तराजू, लाकडी ठोकळे, कप्प्या व पहार मुलीस. कारण नमूद करते. त्या खोलीत संध्याकाळी माझा वर्ग भरे. तरफेचा धडा नुकताच संपला होता, आणि अंगणाचे फाटक अडकून बसले. तरफेच्या गणितांत पैकीच्या पैकी गुण मिळवलेली ती सारी मंडळी बिजागरीपाशी घोळका करून फाटक ढकलीत होती. मी पायरीवर हाताची घडी घालून उभी होते. हसू आवरत नव्हते आणि संतापही. तेवढ्यात मुलगी दुसऱ्या टोकाला गेली आणि ओरडली, “अरे बावळटांनो, ही आपली तरफच आहे! इकडे या!” तेव्हापासून मी धडा फळ्यावर शिकवला आणि परीक्षा घेतली ती अंगणात, स्वयंपाकघरात, सायकलच्या दुकानात. नुसते फळ्यावर येते, त्याला मी येणे म्हणत नाही. ते फाटक अजून तसेच कुरकुरते. मुद्दामच तेल घातले नाही.

४. माझा जुना विद्यार्थी, आज नावाजलेला सर्जन, ज्याला सारा वर्ग ‘एक्सप्रेस’ म्हणे, तो या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहील. प्रश्न वाचून होण्याआधी याचे उत्तर तयार असे, आणि ते बहुधा चूक असे. त्याच्यासाठी मी नियम केला : पेन खाली, हात बाकावर, आणि मोठ्याने सांगायचे की काय दिले आहे, काय शोधायचे आहे, आणि चुकलो तर आपले आपल्याला कळणार कसे. तो रागाने लाल होई. मागे भेटायला आला तेव्हा म्हणाला,

“बाई, ऑपरेशनमध्ये काही बिनसलं की मी आधी हात थांबवतो. काय दिलंय, काय शोधायचंय, सगळं मोठ्यानं बोलतो. नर्स हसतात.”

“मी तुला वर्तुळं शिकवली होती.”

“वर्तुळं केव्हाच विसरलो, बाई.”

इतकी मोठी पावती मला दुसऱ्या कोणी दिली नाही. त्याला मात्र काहीही देत नाही. तो साक्षीदारही आहे, आणि साक्षीदाराने काही घेणे मला पटत नाही. याच कारणाने दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या वहिनी, यांना शिवणयंत्र मी आजच हातात दिले.

५. आता राहते घर. मुलाला ते पाडून नवे बांधायचे आहे. मुलीला आहे तसे ठेवायचे आहे. ह्यांच्या पश्चात दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले आहे आणि मला मधला फळा केले आहे. “आई, तिला व्यवहार म्हणून कळत नाही.” “आई, त्याला फक्त जागा दिसते गं.” एकाच बाकावर बसून, एकच खोडरबर दातांनी तोडून वाटून घेणारी ही मुले!

मागच्या खोलीत आणखी एक नियम होता, तो दोघांना पाठ आहे : समोरच्याची वाट आधी. आपले उत्तर मांडण्यापूर्वी शेजाऱ्याची रीत, चुकीची वाटली तरी, अशी मांडायची की त्याने स्वतः म्हणावे, “हो, मला हेच म्हणायचं होतं.” तोवर आपले तोंड उघडायचे नाही.

सबब, माझ्या पश्चात एका वर्षाच्या आत दोघांनी त्या खोलीत, त्याच बाकावर, व्यवस्थापकासमोर बसावे. मुलाने मुलीची बाजू मांडावी, मुलीने मुलाची. दोघांच्या तोंडून ‘हो’ आल्यावर जे ठरेल त्याप्रमाणे घर दोघांचे. मध्ये बोलणाऱ्यास एक्सप्रेसने बाहेर उभे करावे.

हे न घडल्यास घर कलम २ मधील सरांच्या शिकवणीस जावे. मी थट्टा करीत नाही, हे माझी मुले जाणतात.

मी स्वतः एक वाटणी काढली होती. चांगली होती, ती मी फाडून टाकली. ताडून पाहायला उत्तर मिळणार नाही.

हा मसुदा वाचून एक्सप्रेसने विचारले, “बाई, जमेल त्यांना?”

मी म्हटले, “तुला कधी उत्तर आधी सांगितलंय?”

तो हसला, पेन खाली ठेवले, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागला. त्याचे वाचून झाल्यावरच खालील सह्या होत आहेत.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२४, वर्ग भरण्याची वेळ

लिहून ठेवणार : (सही) बाई, बाकावरच्या त्या दोघांची आई

बाईंची सही आमच्यादेखत झाली, आमच्या सह्या बाईंदेखत झाल्या :
(सही) एक्सप्रेस, सर्जन
(सही) शेजारच्या वहिनी, शिवणकाम